करड्या पट्टीवरचा नंबर

खूणताईंबद्दल रोलरवाल्याला खरं काय माहीत होतं, हे बोटांवर मोजायचं म्हटलं तर एक हात पुरला असता. एकोणीस वर्षं दोघं एकाच लाँड्रीत, बारा पावलांच्या अंतरावर काम करत होते. पण मध्ये चादरी दाबायचा तो लांबलचक रोलर होता, आणि तो चालू असला की शेजारचा माणूस शिंकलेला दिसायचा, ऐकू यायचा नाही. बोलणं व्हायचं ते हातवाऱ्यांनी, नाहीतर दुपारच्या सुट्टीत. त्यात रोलरवाला मुळातच अबोल. चार शब्द बोलायचे तर आधी दोनदा मनात म्हणून बघायचा, आणि तोवर समोरच्याचा डबा धुऊनही झालेला असायचा.

ताई डाव्या हाताला खिडकी येईल अशा बसतात, कॉलरच्या आत दोन सुया कायम खोचलेल्या असतात, चहा पार निवल्यावर पितात, घरी म्हातारी आई आहे. त्याची माहिती इथं संपली. त्यांचं लग्न झालं होतं का, आणखी भावंडं होती का, हे त्याला कधी कळलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही. ताई वारल्या तेव्हा लाँड्रीच्या फलकावर दोन ओळींची चिठ्ठी लागली. त्यांचं पूर्ण नाव त्यानं तेव्हा पहिल्यांदा वाचलं. तेव्हा पुढं जे येतं ते काही सबंध माणसाचं चित्र नव्हे. एका वर्षातले सात-आठ महिने, आणि त्यातही एक आठवडा, एवढंच त्याच्या वाट्याला आलं.

ताईंचं काम खुणा घालायचं. लाँड्रीत एका रुग्णालयाच्या, एका वसतिगृहाच्या आणि दोन हॉटेलांच्या चादरी यायच्या. धुऊन निघाल्यावर पांढरी चादर पांढऱ्या चादरीसारखीच दिसते, म्हणून प्रत्येक कापडाच्या दुमडलेल्या काठात ताई दोऱ्यानं खूण घालायच्या. दोऱ्याचा रंग गिऱ्हाइकाचा, टाके खोलीच्या नंबराचे. उभा टाका म्हणजे एक, फुली म्हणजे पाच, नुसती गाठ म्हणजे शून्य, आणि दोन आकड्यांमध्ये बोटभर मोकळी जागा. लाँड्रीतल्या साठही माणसांना ही लिपी तोंडपाठ होती. दुकानांच्या पाट्या न वाचायचं ठरवलं तरी वाचल्या जातात, तसं त्यांचं झालं होतं. रोलरवाला तर वेगानं सरकत्या चादरीवरची खूणही वाचायचा. त्याच्या आयुष्यात मिरवण्यासारखं काही असेल तर हेच.

त्या वर्षी सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी एकसारखं पत्र आलं. कंपनीच्या संगणकातून कर्मचाऱ्यांची काही माहिती अनोळखी लोकांच्या हाती गेली असण्याची शक्यता आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख, ओळख क्रमांक, बँकेचं खातं. तरी आपण सावध राहावं.

दुसऱ्या दिवशी घडीच्या टेबलावर दुसरा विषयच नव्हता.

"माझ्या नावावर कर्ज मिळवणार म्हणजे चोर भलताच हुशार म्हणायचा," घडीवरची थोरली म्हणाली. "मला कोपऱ्यावरचा दुकानदार साबणाची वडी उधार देत नाही."

"जन्मतारीखपण गेली का गं?" धाकटीनं विचारलं.

"गेली ना. आता तुझं पस्तीस वय काही पुढच्या वर्षी चालायचं नाही."

साहेब, म्हणजे लाँड्रीचे व्यवस्थापक, एका उलट्या टोपलीवर उभे राहिले आणि म्हणाले, घाबरायचं कारण नाही, कंपनी एक वर्षभर सगळ्यांच्या नोंदींवर लक्ष ठेवायची सोय फुकट करून देते आहे.

मागून खूणताईंनी विचारलं, "साहेब, जन्मतारीख वर्षानं बदलते का?"

"म्हणजे?"

"नाही, लक्ष एकच वर्ष ठेवणार म्हणालात, म्हणून विचारलं."

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. रोलरवाल्यानं आपलं पत्र चौघडी करून डब्याच्या पिशवीच्या कप्प्यात घातलं, आणि ते तिथंच राहिलं.

तीन आठवड्यांनी ताईंना फोन आला. तुमचा हप्ता थकला आहे. कसला हप्ता? मोटारसायकलचा. ताई म्हणाल्या, "अहो, मला साधी सायकल येत नाही. लहानपणी बसले होते, ती आणि मी दोघी गटारात." फोनवरचा माणूस म्हणाला, कर्ज तुमच्याच नावावर आहे, जन्मतारीख तुमचीच आहे, सही नसली तरी बाकी सगळं तुमचंच आहे.

त्या दिवसापासून ताईंचा पाय एका जागी ठरेना. सुट्टी झाली की डबा तसाच ठेवून त्या बाहेर. कधी पोलीस चौकी, कधी बँक, कधी टपाल कचेरी. परत यायच्या तेव्हा केस विस्कटलेले, हातात कागदांची पिशवी. सुई चालायची, पण मधेच थांबायची आणि त्या दाराकडं बघायच्या. दारातून कुणीतरी मोटारसायकल घेऊन आत येईल अशी धास्ती असल्यासारखं.

"पोलिसांनी विचारलं, गाडीचा रंग कोणता," एकदा त्या रोलर थांबलेला असताना सांगत होत्या. "म्हटलं, मला कसा ठाऊक? तर म्हणे, तुमच्या नावावर आहे ना. म्हटलं, म्हणून तर आलेय."

रोलरवाल्यानं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग?"

"मग काय. लिहून घेतलं, रंग माहीत नाही."

गाडी घेतली गेली त्या दिवशी ताई दिवसभर लाँड्रीत होत्या, असं साहेबांकडून लिहून घेतलं. तक्रारीची नक्कल, बँकेला पत्र, कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेऱ्यांना पत्र, प्रत्येकाची पोच. अशा कचेऱ्या तीन होत्या आणि तिघींना वेगवेगळं लिहावं लागलं. सहा आठवड्यांनी एकदाचं उत्तर आलं की गाडी आपली नाही हे मान्य आहे, नोंद काढून टाकली आहे. त्याच पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की आपल्या नोंदीला कुलूप लावून घेता येतं, आणि ते फुकट असतं. कुलूप असेपर्यंत कुणीही तुमच्या नावानं कर्ज मागितलं तरी बँकेला तुमची नोंद उघडत नाही, आणि नोंद पाहिल्याशिवाय कुठली बँक कर्ज देत नाही. तुम्हाला स्वतःला हवं असेल तेव्हा सहा आकडी पिन नंबर सांगून कुलूप काढायचं, काम झालं की परत लावायचं. नंबर कागदावर लिहून ठेवू नये, कुणाला सांगू नये.

ताईंनी तिन्ही कचेऱ्यांत कुलूप लावलं, तिघींना एकच नंबर. आणि मग त्या इतरांच्या मागं लागल्या. घडीवाल्या, धुलाईवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, कुणाला सोडलं नाही. सकाळी आल्या आल्या रोलरपाशी थांबायच्या.

"दादा, लावलं का कुलूप?"

पहिल्या दिवशी तो म्हणाला, लावतो. दुसऱ्या दिवशीही तेच. फोनवर यंत्राशी बोलायचं, एक दाबा, दोन दाबा, हे त्याला जमायचं नाही आणि जमत नाही हे सांगायची लाज वाटायची. आठव्या दिवशी तो म्हणाला, "लावलं."

"छान केलंत," ताई म्हणाल्या. तरी दर चार-सहा दिवसांनी विचारायच्याच, आणि तो दर वेळी तेच उत्तर द्यायचा. खोटं एकदा बोललं की पुढच्या वेळी ते आपणहून तोंडात येऊन बसतं.

असे पाच महिने गेले. मग एका सोमवारी ताई सुट्टीची घंटा व्हायच्या आधीच टेबल सोडून त्याच्याकडं आल्या. चेहरा कागदासारखा.

"दादा, आपले जुने कोट कुठं जातात?"

दहा दिवसांपूर्वी सगळ्यांना कामाचे नवे कोट मिळाले होते. जुना करडा कोट जमा करायचा आणि नवा घ्यायचा, असा नियम.

"चिंध्यांच्या खोलीत," तो म्हणाला. "का?"

ताईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्याला बॉयलरच्या भिंतीशी नेलं. त्याला कळायला थोडा वेळ लागला, कारण त्या एकीकडून सांगत होत्या आणि एकीकडून स्वतःलाच बोल लावत होत्या. नंबर कागदावर लिहू नका म्हणाले होते. त्यांच्या डोक्यात आकडे कधी राहत नाहीत. म्हणून त्यांनी तो कापडावर घातला, जन्मभर आकडे जसे घातले तसाच. स्वतःच्या कोटाच्या खालच्या काठात, आतल्या बाजूला, करड्यावर करडा दोरा. अंगावरच असतो, कुठं जाणार? आणि नवे कोट आले त्या दिवशी आईला दवाखान्यात न्यायचं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, दिला काढून.

"मग नवा नंबर मागा की," तो म्हणाला.

"टपालानं येतो. पंधरा दिवस. मला शनिवारी हवाय."

मग आईचं कळलं. ताई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. आईचं खुब्याचं हाड मोडून जुळलं होतं, पण एकसष्ट पायऱ्या काही तिला पुन्हा जमल्या नाहीत. दवाखान्यासाठी खुर्चीत घालून उचलून न्यायचे तेवढंच. एरवी चौदा महिने तिनं रस्त्यावर पाय ठेवला नव्हता. आता तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळत होती. दार उघडलं की थेट फुटपाथ, मध्ये एकही पायरी नाही. घरमालकाची एकच अट होती. भाडेकरूवर कुणाचं देणं थकलेलं नाही असा क्रेडिट रिपोर्ट शनिवारी दुपारी बारापर्यंत त्याला त्या कचेरीतून थेट मिळाला पाहिजे. नाहीतर रांगेत दुसरं जोडपं उभंच आहे, रिपोर्ट हातात घेऊन.

"आणि माझ्या रिपोर्टला कुलूप," ताई म्हणाल्या. "मीच लावलेलं. चोराला बाहेर ठेवायला गेले आणि आईला वर कोंडून बसले."

चिंध्यांच्या खोलीत दोघं गेले तेव्हा कोट राहिलेच नव्हते. कापून हातरुमालाएवढे तुकडे झाले होते, पोत्यांत भरलेले. ताईंनी एक पोतं उपडं केलं, गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी तुकडे उचकले, आणि मग थांबल्या.

"ह्यांना काठच नाहीत."

काठ कुठं जातात हे रोलरवाल्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. यंत्र पुसायच्या चिंधीला जाड काठ चालत नाही, चरे पडतात. म्हणून काठ आधी कापून घेतात, आणि त्या लांब पट्ट्या रोलरच्या टेबलावर येतात. धुतलेल्या चादरींचे गठ्ठे त्याच पट्ट्यांनी बांधतात. त्यानं स्वतः बांधले होते, दहा दिवस. रुग्णालयाला, वसतिगृहाला, दोन्ही हॉटेलांना. ताईंचा गुप्त नंबर दहा दिवस सगळ्या शहरात चादरींच्या कमरेला बांधून फिरत होता, आणि पाठवणारा तो स्वतः होता.

"पट्ट्या परत येतात," तो घाईनं म्हणाला. "मळक्या कपड्यांच्या गठ्ठ्याला बांधून. नियम आहे तसा."

"सगळ्या?"

"बऱ्याचशा."

मंगळवारी ताईंनी कचेरीच्या फोनवर प्रयत्न करून पाहिला. नंबर विसरलेल्यांसाठी तिथं दुसरी वाट होती. यंत्र चार प्रश्न विचारतं, उत्तरं बरोबर आली तर कुलूप निघतं. तीन प्रश्न नीट पार पडले. चौथा होता, आपण वाहनासाठी कर्ज कोणत्या महिन्यात घेतलंत? तीन महिन्यांची नावं, आणि चौथा पर्याय, यांपैकी काही नाही. ताईंनी चौथा दाबला. यंत्र म्हणालं, क्षमस्व, आपली ओळख पटली नाही.

"गाडी माझी नाही, असं ह्याच लोकांनी मला लिहून दिलंय," त्या सांगत होत्या. "आणि आता मी खरं बोलले तर मी मी नाही. चोरानं केला असता फोन तर ओळख पटली असती."

मग राहिल्या पट्ट्या. दिवसातून तीन वेळा गाड्या यायच्या. गाडी आली की ताई खुणांचं टेबल सोडून मळक्या कपड्यांच्या दाराशी, आणि सुट्टीत रोलरवालाही. प्रत्येक करडी पट्टी सोडायची, दोन बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची, बाजूला टाकायची.

"काय दादा," कपडे निवडणारा म्हणाला, "म्हातारपणी हे काय नवीन?"

"एक पट्टी हवीय."

"अहो, शंभर पडल्यात. घ्या की."

"एकच हवीय."

"लग्नाचा मुहूर्त लिहिलाय वाटतं तिच्यावर," तो म्हणाला आणि निघून गेला. रोलरवाल्याचे कान लाल झाले.

बुधवारी काही मिळालं नाही. ताई पट्ट्या बघता बघता बोलत राहायच्या, गप्प बसवत नसल्यासारखं. आईनं कपाटातून बाहेर जायचे बूट काढलेत. पुसलेत. सवय व्हावी म्हणून घरातच घालून बसते, खिडकीशी. परवा झोपताना काढायला सांगितले तर म्हणाली, राहू दे, सकाळी परत वाकावं लागतं.

गुरुवारी त्याच कचेरीतून आपणहून फोन आला होता, तोही ताईंनी हातचा घालवला. पत्रात लिहिलं होतं की अनोळखी फोनवर विश्वास ठेवू नका. "तो म्हणाला, तुमची जन्मतारीख सांगा. म्हटलं, आधी तुम्ही खरे कचेरीतले कशावरून? तो म्हणाला, ते सांगायची आम्हाला परवानगी नाही. म्हटलं, मग मलाही नाही. दोघंही आपापली ओळख सांभाळत बसलो आणि फोन संपला." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "खरा असणार हो तो. खोटा इतका लवकर कंटाळला नसता."

मग एकदम हातातली पट्टी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "दादा, कुणी आधीच वाचला असेल तर?"

"चोरांना टाके वाचता येत नाहीत."

"इथं साठ जणांना येतात."

त्यानं पुढची पट्टी उचलली. घरी गेल्यावर त्याला उत्तर सुचलं, की ते साठ जण आपलेच आहेत, पण ते इतकं साधं होतं की दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलंच नाही.

शुक्रवार उजाडला. सकाळची गाडी, दुपारची गाडी, काही नाही. ताईंच्या टेबलावर खुणा घालायच्या उश्यांचे अभ्रे साचले होते, साहेब दोनदा येऊन बघून गेले होते. शेवटची गाडी साडेतीनला. रोलरवाला चादरी लावत होता, आणि नजर घड्याळाकडं, दाराकडं, घड्याळाकडं. रोलरच्या पलीकडं घडीवरची धाकटी वसतिगृहाचा गठ्ठा बांधत होती. पट्टी तिनं खालून घातली, दोन्ही टोकं वर ओढली, गाठीसाठी पीळ दिला. आणि त्या पिळापाशी त्याला काहीतरी दिसलं.

एकोणीस वर्षांत त्यानं कामाच्या वेळेत रोलर कधी बंद केला नव्हता. त्या दिवशी त्यानं लाल दांडा खाली ओढला. सगळ्या दालनात अशी शांतता झाली की कुठंतरी नळ गळतो आहे हे लोकांना पहिल्यांदाच कळलं. साठ डोकी वळली. तो टेबलाला वळसा घालून गेला आणि धाकटीच्या हातातून पट्टी काढून घेतली.

"अहो दादा, घाईत आहे मी."

"दुसरी घे," तो म्हणाला.

ती पट्टी बुधवारी-गुरुवारीच परत आलेली असणार. दोघांनी ती पाहिलीही असणार, पण ओल्या कपड्यांना बांधलेली, ओली. ओल्या कापडावर करडा दोरा करड्यात बुडून जातो. वाळल्यावर जुनं विटलेलं कापड फिकं पडलं आणि नवा दोरा वर आला, बारीक, एकसारखा, ताईंच्या हातचा. वाचायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. पण ठरवून डोळे मिटेपर्यंत वाचून झालं होतं. फुल्या, टाके, एक गाठ. सहा आकडे.

त्यानं पट्टी मुठीत गुंडाळली आणि खुणांच्या टेबलापाशी जाऊन ताईंच्या हातात दिली. त्यांनी ती किंचित उलगडली, बघितली आणि लगेच मिटली.

"वाचलंत?"

"चष्मा नव्हता," तो म्हणाला.

ताईंनी त्याच्या कपाळाकडं पाहिलं. चष्मा कपाळावर होता.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि फोन घेऊन कपडे ठेवायच्या खोलीकडं जवळजवळ धावतच गेल्या.

रोलरमध्ये अडकलेल्या रुग्णालयाच्या चादरीवर तेवढ्या वेळात तपकिरी पट्टा उठला. साहेबांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, चूक झाली. साहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की एकोणीस वर्षांनी चूक करणाऱ्या माणसाला काय बोलायचं हे त्यांनाही माहीत नसावं.

शनिवार-रविवार त्याचा काही चांगला गेला नाही. कुलूप निघालं का, रिपोर्ट पोचला का, विचारायला त्याच्याकडं ताईंचा फोन नंबर नव्हता. सहा आकडे तेवढे होते, आणि ते काही केल्या डोक्यातून जात नव्हते. ते कसले आकडे असतील, असं त्यानं मनाला विचारून पाहिलं. तारीख नव्हती, घराचा नंबर नव्हता. ताईंच्या आयुष्यात कुठून तरी ते आले असणार. कुठून, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी ताई आल्या त्या थेट रोलरपाशी.

"मिळाली जागा."

"हो?"

"अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पोचला रिपोर्ट. मालकानं चष्मा पुसून पुसून वाचला. मग विचारतो, ह्यात कर्ज काहीच कसं नाही? म्हटलं, नसतं काही लोकांना." त्या एकदम हसल्या. "काल आपल्या दोन ड्रायव्हरांनी आईला खुर्चीत घालून उतरवलं. बूट घालूनच बसली होती. खाली फुटपाथवर स्वतः उभी राहिली."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, धूळ फार आहे इथं. आणि येणारे जाणारे आत बघतात."

दुपारच्या सुट्टीत रोलरवाला डब्याची पिशवी घेऊन खुणांच्या टेबलापाशी गेला. वाक्य त्यानं सकाळपासून मनात म्हणून ठेवलं होतं, तरी ऐनवेळी नुसतं पत्रच पुढं केलं. चौघडी केलेलं, कोपऱ्यात तेलाचा डाग पडलेलं.

"ताई, हे कसं लावायचं?"

ताईंनी पत्र पाहिलं, डाग पाहिला, मग त्याला पाहिलं.

"मग पाच महिने लावलं लावलं म्हणत होतात, ते कुलूप कुठं लावलंत? जिभेला?"

तो खाली बघत राहिला. "फोनवरचं ते... यंत्र फार भरभर बोलतं."

"बसा इथं," ताई म्हणाल्या. "आधी रिपोर्ट मागवू, तुमच्याही नावावर काही दौडतंय का बघू. आणि जेवा तोवर, वाट बघायला लावतात मेले."

त्याच्या नावावर काही नव्हतं. पाच महिने दार सताड उघडं होतं आणि चोर आत आला नव्हता, ह्याचं श्रेय कुणाचंच नव्हतं. ताईंनी एकेक बटण दाखवलं, कुठं थांबायचं, कुठं दाबायचं. पिन नंबरापाशी आल्यावर फोन त्याच्या हातात दिला आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"माझा मी शुक्रवारीच बदलला," भिंतीकडं बघत त्या म्हणाल्या. "तुम्ही लक्षात राहील असाच काहीतरी घ्या. जन्मतारीख नको. ती गेलीय."

लक्षात राहील असा नंबर त्याच्यापाशी एकच होता. त्यानं तो दाबला. फुल्या, टाके, एक गाठ. यंत्र म्हणालं, धन्यवाद.

"झालं?"

"झालं."

पुढच्या वर्षी कापडांना शिवायच्या छोट्या चकत्या आल्या. यंत्र चकती वाचतं आणि कापड कुणाचं ते सांगतं. खिडकीपासचं खुणांचं टेबल काढलं, तिथं चकत्यांचं यंत्र आलं. ताईंना दुसरं काम देऊ केलं होतं, पण त्या म्हणाल्या, आता पुरे. त्यांच्या शेवटच्या दिवशी घडीवाल्यांनी फुलं दिली, साहेब दोन शब्द बोलले. रोलरवालाही काही बोलणार होता. वाक्य तयारही होतं. पण संध्याकाळी फाटकापाशी त्या समोर आल्या तेव्हा त्याच्या आधी त्याच बोलल्या.

"दादा, कुलूप आहे ना अजून?"

"आहे."

"नंबर?"

"आहे, आहे."

"कुठं ठेवलाय ते सांगू नका हं मला."

"नाही सांगत."

"बरं," ताई म्हणाल्या. मग पिशवी चाचपून बघितली. "थांबा, डबा राहिला वाटतं माझा आत. तुम्ही व्हा पुढं."

"बरं," तो म्हणाला, आणि पुढं झाला.